फोर्क करा, पण नावाचा घोळ नको
भांडणानंतर फोर्क करणं, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढणं, ही मूळ लेखकांशी बेइमानी आहे, असं काहीजण म्हणतात. मला ते पटलं नाही. ती मुभा सॉफ्टवेअरच्या परवान्यातच दिलेली असते. ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस निघालं ते नवं नाव घेऊन, उजळ माथ्याने.

मला खटकतं ते वेगळंच. २०११ मध्ये एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून लिबएव्ही हा प्रकल्प फुटला. पुढे उबुंटू या लिनक्स प्रणालीवर 'एफएफएमपेग' कमांड दिली की लिबएव्हीवाल्यांची आवृत्ती चालायची आणि 'हा प्रोग्रॅम कालबाह्य आहे' असा इशारा यायचा. कालबाह्य होती फक्त त्यांच्याकडची ती कमांड. पण वाचणाऱ्याला वाटायचं, मूळ प्रकल्पच आटोपला! (मीही फसलो होतो.) कोड खुशाल न्यावा, पण जित्या माणसाचं श्राद्ध कशाला? अखेर २०१५ मध्ये डेबियन, म्हणजे उबुंटू जिच्यावर बेतलेलं आहे ती लिनक्स प्रणाली, लिबएव्ही सोडून एफएफएमपेगकडे परतली.