मदत हवी आहे – पिकअपच्या ॲक्सेसरीज शोरूममधून घ्याव्या की बाहेरून आणून घरी बसवाव्या?

ओतूरकर_९:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. गुरुवारी गाडीची डिलिव्हरी आहे आणि शोरूमवाल्याने ॲक्सेसरीजचं ५२,००० चं कोटेशन हातात ठेवलंय, उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा म्हणतोय. मेव्हणा म्हणतो अर्ध्यात होतं, आपण घरीच बसवू. बायको म्हणते नव्या गाडीच्या वायरी कशाला कापता, वॉरंटी जाईल. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होणार त्यात हे ५२ हजार रोख मागतायत. कुणी स्वतः बसवलंय का, किती खर्च आला, लवकर सांगा.

वायरिंगवाला_दादा:
गाडी कुठली आणि ५२ हजारात देतोय काय काय? यादी टाका आधी, त्याशिवाय कोण काय सांगणार.

ओतूरकर_९:
दीड टनी पिकअप, डिझेल, नवीनच. यादी नेहमीचीच आहे हो, लाइटी, कॅमेरा, हौद्यावरचं ताडपत्रीचं हूड वगैरे.

कल्याण_मुरबाड:
बुलबार टाकून घ्या पुढून, बंपरपुढचा तो लोखंडी गार्ड. घाटात जनावर आडवं आलं तर बंपर, रेडिएटर सगळं जातं. माझ्या गाडीला ८ वर्षं आहे.

वायरिंगवाला_दादा:
अहो ओतूरकर, "वगैरे"ची किंमत कशी काढू मी? एकेक आकडा लिहा. आणि मेव्हणा काय काम करतो?

ओतूरकर_९:
घ्या मग. फॉग लॅम्प जोडी स्विच-वायरिंगसकट ७,८००, रिव्हर्स कॅमेरा आणि स्क्रीन १४,५००, सीट कव्हर ४,२००, मॅट १,४००, मडफ्लॅप १,६००, हौद्यावर पाइपचा सांगाडा आणि ताडपत्री १९,०००, वर फिटिंग चार्ज ३,५००. टॅक्स धरून ५२. मेव्हणा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, घरांचं वायरिंग करतो आणि विहिरीवरच्या मोटारी बघतो. मी कोथिंबीर आणि टोमॅटो घेऊन माळशेज उतरून रात्री वाशीला जातो, पावसाळ्यात धुक्यात पुढचा ट्रकसुद्धा दिसत नाही म्हणून फॉग लॅम्प मला पाहिजेच आहेत, त्यात तडजोड नाही.

वायरिंगवाला_दादा:
हां, आता बोलता येईल. घरचं वायरिंग येतं म्हणजे गाडीचं येतं असं नाही, हे मेव्हण्याला आधी सांगा. घरात २३० व्होल्ट असतात, इथे १२, म्हणजे तेवढ्याच वॅटला करंट कितीतरी जास्त. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, भागिले १२, झाले ९ अँपियरच्या वर. हे डायरेक्ट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेलं की स्विच वितळतो. रिले टाकायचाच, म्हणजे स्विचच्या बारीक करंटवर दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वायर, मधे १५ चा फ्यूज आणि तो फ्यूज बॅटरीच्या जवळ, लांब नाही. ८७ दिव्याला, ८५ अर्थिंगला म्हणजे गाडीच्या बॉडीला, ८६ ला स्विचची बारीक वायर. मेन वायर अडीच एमएमची घ्या आणि बोनेटमध्ये सगळी वायर स्लीव्हमधून न्या. हेडलाइटच्या वायरीला चिमटा मारून करंट घ्यायचा नाही, बीएस ६ गाडीत अजिबात नाही, तिथे लाइटी कंट्रोल मोड्यूलवरून चालतात.

शोरूम_माजी:
मी एका डीलरच्या वर्कशॉपला ६ वर्षं होतो. आमच्याकडे ॲक्सेसरी बसवायला बाहेरचाच पोरगा यायचा, त्याला गाडीमागे ठराविक पैसे मिळायचे. म्हणजे शोरूममध्ये बसवलं म्हणून हात वेगळा असतो असं समजू नका. पण फरक एक आहे, त्यांचा फॉग लॅम्पचा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, कपलरवाला असतो, नुसता खोचायचा, वायर कापावी लागत नाही, आणि बिलावर नाव असतं त्यामुळे उद्या शॉर्ट झालं तर भांडायला कागद असतो. मी म्हणतो फक्त इलेक्ट्रिकचं काम त्यांच्याकडून घ्या, बाकी बाहेर.

वायरिंगवाला_दादा:
कपलरवाला हार्नेस दुकानातही मिळतो, त्याला कशाला ७,८०० द्यायचे? आणि कागद कागद करता, ॲक्सेसरीवर वॉरंटी किती महिने असते तेही सांगा की.

शोरूम_माजी:
ज्याची त्याची वेगळी असते, म्हणूनच म्हणतोय बिलावर लिहून घ्या. मी जळालेल्या वायरिंगच्या नव्या गाड्या पाहिल्यात, मालक रडकुंडीला आलेला असतो आणि कंपनी कापलेल्या वायरीचा फोटो काढून हात वर करते. तुम्ही चांगलं काम करत असाल, सगळे करत नाहीत.

डॅलसवासी:
मी टेक्सासमध्ये असतो. माझ्या पिकअपला ट्रेलर जोडायची हिच आणि ७ पिनचं वायरिंग बसवायचे डीलर ११०० डॉलर मागत होता, मी ३५० चं किट मागवून घरासमोर ३ तासात बसवलं. इकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे त्यांना दाखवावं लागतं. तेव्हा बिनधास्त करा.

शोरूम_माजी:
तो कायदा अमेरिकेत, ओतूरच्या माणसाला त्याचा काय उपयोग. इथे वॉरंटी पुस्तिकेत जे छापलंय तेच पुढे करतात.

पॉलिसीवाली_ताई:
कुणी बोलत नाहीये म्हणून सांगते, इन्शुरन्सचं बघा. गाडीच्या किमतीत धरलेल्या नसतात त्या इलेक्ट्रिक वस्तू पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात, आयएमटी २४ म्हणतात त्याला, वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम. १२ हजारांच्या वस्तूंना ४८० रुपये झाले. बाहेरून घेतलं तरी पक्कं बिल घ्या, बिल नसेल तर क्लेमला काय दाखवणार? आणि कल्याण_मुरबाड, बुलबारचा सल्ला देऊ नका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, बेकायदा बदलाला आता ५,००० पर्यंत दंड आहे, एकेका बदलाला.

कल्याण_मुरबाड:
ताई, घाटात रात्री तुम्ही गाडी चालवत नाही. मला कुणी पकडलं नाही आजवर.

पॉलिसीवाली_ताई:
पकडलं नाही म्हणजे चालतं असं होत नाही. धडकेचा सगळा जोर त्यातून सरळ चासीवर जातो आणि समोरच्या चालत्या माणसाला तर तो लोखंडी दांडाच लागतो. माझ्या सख्ख्या मावसभावाचा पाय गेलाय त्याने.

धुकेवाला:
फॉग लॅम्प पिवळेच घ्या, पांढरा प्रकाश धुक्यात परत डोळ्यावर येतो.

वायरिंगवाला_दादा:
रंगाचं एवढं नसतं हो. दिवा खाली, बंपरमध्ये पाहिजे आणि झोत आडवा पसरट पाहिजे, त्याची वरची कड सरळ कापल्यासारखी. टपावर लावलेला पिवळा दिवासुद्धा धुक्यात आंधळंच करतो.

धुकेवाला:
मी २० वर्षं कसारा घाट करतोय, मला शिकवू नका. पिवळाच.

ओतूरकर_९:
अहो रंगाचं नंतर भांडा, मला उद्या उत्तर द्यायचंय! हूडचं सांगा, सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. आणि घेतलं नाही तर डिलिव्हरी लांबवतील का?

शोरूम_माजी:
लांबवू शकत नाहीत, ॲक्सेसरीज घ्यायची सक्ती नसते. बुकिंगच्या पावतीत लिहिलं नसेल तर सरळ नाही म्हणा, वर मॅट फुकट मागा, देतात.

आळेफाटा_बॉडी:
हूड शोरूमवाला पण बॉडीवाल्याकडूनच करून घेतो, मधले पैसे वाचवा. पाइप किती जाडीचा ते विचारा, हलका पाइप घाटात खिळखिळा होतो, जाड घेतला तर सांगाड्याचं वजन तुमच्या भरायच्या मालातून जातं. चासीला भोक मारू देऊ नका कुणाला, हौद्याच्या खुंट्यांतच सांगाडा बसला पाहिजे, आणि मागचा फाळका पूर्ण पडतोय ना ते पैसे द्यायच्या आधी बघा. आरटीओत विचारून घ्या, आरसीत आहे त्यापेक्षा वेगळी बॉडी दिसली की पासिंगला अडवतात. आणखी एक, घरी बसवायचं म्हणता, पण त्यात एक दिवस गेला तर वाशीची एक फेरी बुडाली, ती रक्कम पण खर्चात धरा.

ओतूरकर_९:
फेरीचं डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, उद्या कळवतो.

(८ दिवसांनी)

ओतूरकर_९:
झालं एकदाचं. शोरूमला नाही म्हटलं, मॅट फुकट दिल्या. फॉग लॅम्प २,४००, रिले, फ्यूज, वायर, स्लीव्ह ८५०, कॅमेरा आणि ५ इंची स्क्रीन ३,६००, सीट कव्हर २,२००, मडफ्लॅप ५००, हूड १३,५००. एकूण २३,०५०, सगळी पक्की बिलं. मेव्हण्याने रिले दादांनी सांगितला तसाच टाकला, अमावस्येला गाडी उभीच असते म्हणून त्याच दिवशी काम काढलं, फेरी बुडाली नाही. परवा माळशेजला धुकं होतं, पांढरी पट्टी नीट दिसत होती, बायको शेजारी बसली होती ती पण म्हणाली दिसतंय. फक्त एक भानगड आहे, कॅमेऱ्याची स्क्रीन चालू केली की रेडिओत घूं घूं आवाज येतो. काय करायचं?

वायरिंगवाला_दादा:
स्क्रीनची अर्थिंगची वायर कुठे दिलीय? आणि अँटेनाच्या वायरीला चिकटून तर नेली नाही ना? फोटो टाका.

धुकेवाला:
दिवे पिवळे घेतले का?