दोन थांब्यांच्या मध्ये एसटी थांबवायला सांगावी का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

पाखाडीवरून: साधी गाडी असेल तर जरूर सांगावी. आपल्याकडे गाव एक, वाड्या सात-आठ, आणि थांबा तेवढा तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे. 'हात दाखवा, एसटी थांबवा' हे महामंडळानेच शिकवलेलं. जलद गाडीला हात करू नये, एवढं मान्य.

घाटीचा चढ: हात कुठे करता ते बघा. भरलेली गाडी ऐन चढावर थांबवली की पहिल्या गिअरात, हाफ क्लचवर उचलावी लागते. क्लच प्लेट जळते, वास पार मागच्या सीटपर्यंत. उतारावर त्याहून वाईट. दर शे-दोनशे मीटरवर ब्रेक दाबला की ब्रेकचे ड्रम तापतात, आतल्या लायनरची पकड सुटते, ब्रेकला हवा पुरवणाऱ्या टाकीचा काटा खाली येतो. पावसाळ्यात साइडपट्टीची लाल माती लोण्यासारखी. डावं मागचं चाक त्यात बसलं की जेसीबीची वाट बघा.

पाखाडीवरून: म्हणून काय म्हाताऱ्या माणसाने दीड किलोमीटर पावसात चालायचं? ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट, पण गाडीपर्यंत पोचणार कसं?

सुट्टे पैसे: चालायला नको, सांगायची पद्धत हवी. उतरायचं ठिकाण तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगा, ड्रायव्हरच्या कानाशी ओरडू नका. कंडक्टर एक घंटी देतो ती थांबायला, दोन देतो ती निघायला. चढणाऱ्याने वळण संपून सरळ, सपाट रस्ता लागतो तिथे उभं राहावं. काळोखात बॅटरी रस्त्यावर मारा, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नको. आणि भाड्याचा वाद घालू नका: टप्पा ६ किलोमीटरचा, मध्येच चढलात तरी पैसे मागच्या टप्प्यापासूनचे.

घाटीचा चढ: हे सगळं एका माणसापुरतं ठीक. पण पाच घरांसमोर पाच हात? दर वेळी पाऊण मिनिट धरा, चार मिनिटं गेली. पुढे रेल्वे गाठायची असलेल्यांनी काय करायचं? पाचांनी मिळून एका जागी उभं राहा ना! कायमचं हवं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांकडे विनंती थांबा (प्रवाशाने सांगितलं तरच गाडी थांबते असा) मागा. ठरावात जागा नेमकी लिहा, म्हणजे अमक्या साकवापासून (ओढ्यावरच्या लहान पुलापासून) किती मीटर. 'वाडीजवळ' लिहिलंत तर अर्ज पडून राहतो.

पाखाडीवरून: आणि मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई? ती ठरावासाठी थांबेल, मासळी थांबेल?

सुट्टे पैसे: पाटीखाली प्लास्टिक घाला, पाणी गळू देऊ नका. गाडी न थांबवण्याचं निम्मं कारण तेच असतं.