मदत हवी आहे: हर्नियाच्या ऑपरेशननंतरचं 'जाणवणं' कसं विचारायचं?

नमस्कार मंडळी. मी सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेतोय. प्रबंधाचा विषय: जांघेतल्या हर्नियाला जाळी बसवल्यानंतर रुग्णाचं रोजचं जगणं.

हर्निया पुन्हा उद्भवला नाही की आपण ऑपरेशन यशस्वी म्हणतो. पण 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण 10 ते 12 टक्के रुग्णांना तीन महिन्यांनंतरही त्रासदायक दुखणं राहतं. ते फॉलोअपच्या कागदावर उमटतच नाही. परवा एका काकांनी "बरं आहे" म्हणून सांगितलं आणि खुर्चीतून उठताना हात आपसूक जांघेवर गेला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

मी कॅरोलिनाज कम्फर्ट स्केल वापरणार आहे. त्यात 23 प्रश्न आहेत: आडवं होणं, वाकणं, खोकणं, जिना चढणं अशा आठ हालचालींत दुखतं का, जाळी जाणवते का, हालचाल अडते का (हा शेवटचा प्रश्न आडवं होण्याला नाही). प्रत्येकाला 0 ते 5 गुण.

अडलंय ते 'जाळी जाणवते का' इथे. बऱ्याच जणांना आत जाळी आहे हेच आठवत नाही. मग "टोचतं", "ओढ बसते", "आत काहीतरी कडक लागतं", "बधिर वाटतं" यातलं काय विचारू? बधिरपणा हा तर वेगळाच प्रकार, तो यात मिसळायला नको.

ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगाल का? प्रश्नावलीचं भाषांतर केलेल्यांनीही कृपया लिहा. आणि ऑपरेशनआधी जाळी नसतेच, तेव्हाचा त्रास नोंदवताना 'जाळी जाणवते का' या प्रश्नांचं काय करता?