घरचा चिकन शावरमा आणि दह्याचा सॉस: तुमची पद्धत नेमकी सांगा

लेबनॉन-सीरियाकडे चिकन शावरम्यात ‘तूम’ हा लसणाचा पांढरा सॉस असतो आणि मटण-बीफच्या शावरम्यात तिळाचा. घरी बरेच जण दह्याचा सॉस करतात, तोही चिकनला छान लागतो. उभी फिरती शीग मात्र घरी नसते. तुम्ही काय करता? मापं, वेळ आणि कुठे बिघडतं ते लिहा. ‘अंदाजे मसाला’ नको.

खलबत्ता
मांस लेग बोनलेसच घ्या, ब्रेस्ट लगेच कोरडं पडतं. 750 ग्रॅमला मीठ दीड छोटा चमचा, घट्ट दही 4 मोठे चमचे, तेल 2 मोठे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, 6 लसूण पाकळ्या वाटून. जिरेपूड, धणेपूड, काश्मिरी मिरची प्रत्येकी 2 छोटे चमचे, मिरपूड 1, हळद आणि दालचिनीपूड अर्धा-अर्धा, वेलची पाव. तयार गरम मसाला टाळा, लवंग वरचढ होते आणि चव टिक्क्याकडे जाते. फ्रिजमध्ये 4 ते 12 तास पुरे. लिंबू जास्त घालून रात्रभर ठेवलं तर मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

बिडाचा तवा
तव्यावर चिकनला पाणी सुटून ते शिजत राहतं, भाजत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण गर्दी. तुकडे अखंडच ठेवा, अंगावरचा जादा मसाला निपटून काढा, तवा चांगला तापू द्या आणि एका वेळी 4-5 तुकडेच टाका. पहिली 4 मिनिटं हलवायचं नाही. उलटून आणखी 4-5 मिनिटं. 5 मिनिटं मुरू द्या, मग पातळ कापा आणि त्याच तव्यावर मिनिटभर परता. कडा कुरकुरीत होतात त्या इथेच.

ओटीजी
तव्याऐवजी ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये: 220 अंश सेल्सियसवर 25-30 मिनिटं, ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्यांवर. सर्वांत जाड तुकड्याच्या आत 74 अंश झाले की काढा. थर्मामीटर घ्याच, खरंच.

चक्का
सॉसची सगळी गंमत पाणी काढण्यात आहे. 500 ग्रॅम दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये 3 तास टांगा, साधारण निम्मा चक्का मिळतो. 2 लसूण पाकळ्या किसून आधी एका लिंबाच्या रसात 10 मिनिटं ठेवा. आंबटामुळे लसणाचा कच्चा उग्रपणा वाढत नाही. उलट, किसलेला लसूण नुसता पडून राहिला तर तिखट होत जातो. मग 2 मोठे चमचे तिळाची पेस्ट घाला. ती लिंबात एकदम घट्ट होते, घाबरू नका, गार पाणी चमचा-चमचा घालत फेटा, पांढरी आणि मऊ होते. शेवटी चक्का आणि पाव चमचा मीठ. काकडी हवी तर किसा, मीठ लावून 15 मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. न पिळलेल्या काकडीने तासाभरात सॉस ताकासारखा होतो.

पेस्ट घरी करायची तर 100 ग्रॅम पॉलिशचे तीळ मंद आचेवर भाजा, रंग बदलू देऊ नका, कडू होतात. 3-4 चमचे तेल घालून पातळ होईपर्यंत फिरवा.

सुशिक्षित जीभ
बाजारात मेयोनीज घालतात. घरी कच्च्या अंड्याचं करू नका. साल्मोनेला या जंतूचा धोका असतो आणि अशा मेयोनीजवर 2024 मध्ये तेलंगणाने वर्षभराची बंदी घातली होती. दह्याचा सॉस त्या दृष्टीनेही बरा, पण फ्रिजमध्ये ठेवून 2 दिवसांत संपवा.

पोळपाट
रोटी: मैदा 300 ग्रॅम, कोमट पाणी 180 मिली, इन्स्टंट यीस्ट 1 छोटा चमचा, साखर 1, मीठ 1, तेल 1 मोठा चमचा. 10 मिनिटं मळा, तासभर झाका. फुलक्यापेक्षा किंचित जाड लाटा. तवा मोठ्या आचेवर, एका बाजूला मिनिटभरच. तवा कमी तापला तर रोटी हळूहळू सुकते आणि गुंडाळताना चिरते. काढली की लगेच कापडात, एकावर एक.

गुंडाळी
सॉस कडेपर्यंत लावू नका. मधल्या पट्ट्यात सॉस, त्यावर चिकन, व्हिनेगरमधली काकडी, कांदा. टोमॅटो घातलाच तर बिया काढून. दोन्ही बाजू आत मुडपून घट्ट गुंडाळा आणि जोड खाली ठेवून तव्यावर वरून दाबत मिनिटभर शेका. डब्याला देताना सॉस वेगळाच द्या.