जिताड्याचं बीज एकमेकांना खातंय; दिवा बंद ठेवावा का?

खाडीकाठ
शेडमध्ये 2 टनी गोल एफआरपी (फायबरग्लासची) टाकी, त्यात अडीच-तीन सेंमीचं जिताड्याचं बीज, म्हणजे जिताडा माशाची पिल्लं. मधोमध एकच एलईडी, रात्रभर चालू. खाद्य दिवसातून 3 वेळा. मेलेलं काही सापडत नाही, पण मोजणीत संख्या घटते. मागुर मासा पाळणारे टाकी झाकून ठेवतात, तसं इथे चालेल का?

हापा_नर्सरी
मेलेलं सापडत नाही म्हणजे अख्खं गिळलं जातंय. जिताडा आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश भावंड गिळू शकतो. टाकीत 4 सेंमीचे चार-दोन असले तरी अडीच सेंमीचं बीज ते अख्खं गिळतात. आधी प्रतवारी (लहान-मोठे मासे वेगळे करणं), मग दिवा.

मागुराचा नियम इथे लावू नका. तो रात्री फिरणारा, मिशांनी खाद्य शोधणारा. उजेडात बिथरतो आणि चावाचावी करतो. जिताडा खाद्य डोळ्यांनी टिपतो. दिवसा काळोख केलात तर दाणे न दिसता तळाला जातील, दुबळे मासे उपाशी राहतील आणि आकारातली तफावत वाढतच जाईल.

तुमच्याकडे खरी चूक रात्रीची आहे. उजेड आहे, भूक आहे, खाद्य नाही. समोर दिसतं ते भावंडच. एकतर रात्रीही खाद्य द्या, नाहीतर दिवा बंद करा. तिन्हीसांजेला आणि पहाटे जिताडा शिकारीला तेज असतो, म्हणून अंधार पडण्याआधीचं आणि उजाडतानाचं खाद्य चुकवू नका. दिवसभरात मिळून 5-6 वेळा, थोडं थोडं.

मत्स्यशेड
मधला दिवाही हलवा. झगझगीत वर्तुळाखाली बीज गोळा होतं आणि खाद्याच्या जागेवर दांडगे मासे ठाण मांडतात. कमी वॅटचे 3-4 दिवे उंच लावून छताकडे वळवा. मोबाइलच्या लक्समापकाने (उजेड मोजणाऱ्या ॲपने) मध्य आणि कडा दोन्हीकडे पाण्यालगत मोजा. आकडा किती यापेक्षा दोन्हीकडे जवळपास सारखा येणं महत्त्वाचं.

बटण खाडकन दाबू नका. मासे उसळून भिंतीवर आपटतात, बाहेर पडतात. टायमर आणि डिमर लावून 20-30 मिनिटांत उजेड चढवा, तसाच उतरवा.

खाडीकाठ
प्रतवारी किती दिवसांनी?

हापा_नर्सरी
दर 3-4 दिवसांनी, 10 सेंमी होईपर्यंत. सकाळी, खाद्य देण्याआधी; पोट भरलेला मासा हाताळणीत लवकर मरतो. चाळणी पाण्यात बुडवूनच चालवा. वर उरलेले मोठे वेगळ्या टाकीत, तिथेही उजेड सारखाच पसरलेला हवा.