चाळीतून टॉवरमध्ये गेल्यावर शेजार कसा टिकवावा?

वरळीकर:
आमच्या तीन पिढ्या वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिल्या आणि आता पुनर्विकासात आम्हाला ५०० चौरस फुटांचे घर मिळाले आहे. संडास घरातच आल्याचे समाधान फार मोठे आहे. परंतु जी आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडताना मधल्या बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करत असे, ती आता दिवसभर बंद दाराकडे पाहत बसते. घरे सोडतीने मिळाल्यामुळे जुने शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरले आहेत. आपण काय केलेत?

परळची सून:
आमच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मजल्यावरील सातही घरी वाटीभर शिरा नेऊन दिला. रिकामी वाटी परत करायची नाही ही आपली रीत असल्यामुळे कोणी लाडू, कोणी नुसती साखर घालून वाटी परत करायला आले, आणि ओळखी तिथूनच झाल्या. आईंना एकट्या पाठवू नका, पहिल्या वेळी आपण सोबत जा.

नायगावकर:
लिफ्टसमोर खुर्च्या मांडण्याचा मोह टाळावा, कारण आग लागल्यास ती मोकळी जागाच सुटकेची वाट असते. त्याऐवजी सोसायटीच्या सभेत सभागृह रोज संध्याकाळी दोन तास ज्येष्ठांसाठी उघडे ठेवण्याचा ठराव मांडावा.

वरळीकर:
मनापासून आभार. रविवारी आईला घेऊन शिरा वाटायला निघतो.