मदत हवी आहे: बंड्या झोपलेला असतो, पट्टा म्हणतो तो चालतोय

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यात शेतावरच राहतो. आमचा बंड्या ११ वर्षांचा, गावठी कुत्रा, वजन २२ किलो. हिवाळ्यापासून त्याचे मागचे पाय धरलेत. उठताना आधी पुढचं अंग उचलतो, मागचं दोन-तीनदा ओढून बघतो, मग कसाबसा उभा राहतो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांध्यांचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्यात आणि सांगितलंय, दिवसा किती चालतो, रात्री किती वेळा उठतो, हे लिहून आणा, त्यावर गोळी कमी-जास्त करू. दिवसभर मी कामात, रात्री थ्री फेज आली की आबा मोटारीवर. बंड्याही त्यांच्या मागे जातो आणि मोटारीजवळच पडून राहतो. त्याच्यावर नजर कोण ठेवणार? म्हणून पट्ट्याला बांधायचं यंत्र घरीच केलं.

ईएसपी३२-सी३ मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड, हालचाल मोजणारा एमपीयू६०५० सेन्सर, ४०० एमएएचची लिपो बॅटरी. हे सगळं ३२ एमएम पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून दोन्ही टोकांना एंड कॅप लावल्यात. ठिबकचं काम झाल्यावर उरलेला पाइप होता. सेन्सर सेकंदाला १० नमुने घेऊन स्वतःच्या फिफोत (आतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठवतो, बोर्ड दर १५ सेकंदांनी जागा होऊन ते वाचतो. पट्टा मानेवर फिरत राहतो, म्हणून तिन्ही अक्षांचं मिळून एकच माप काढतो आणि त्यातून १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भाग, वजा करतो. फरक ०.०८ जीच्या वर गेला की हालचाल धरायची. मिनिटाला एक आकडा, तो आरटीसी मेमरीत, म्हणजे बोर्ड झोपला तरी टिकतो. दिवसाचे १४४० आकडे ८ किलोबाइटमध्ये आरामात बसतात. घराजवळ आला की वायफायवरून उतरवून घेतो.

मार्चपर्यंत आकडे पटत होते. एप्रिलपासून सगळं बिघडलं. दुपारी १ ते ४, बाहेर ४३-४४ अंश, बंड्या हौदाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेला, आणि मिनिटाला ६०० पैकी ३०० च्या वर नमुने "हालचाल". रात्रीही मधूनमधून तसंच. आबांना विचारलं तर म्हणाले, "हाऊ रातभर आठेच पडेल व्हता." (हा रातभर इथेच पडलेला होता.)

परवा दुपारी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. जीभ बाहेर, कुशी भराभर वर-खाली, आणि प्रत्येक धापेबरोबर पाइपचा तुकडा गळ्यावर टकटक आपटत होता. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजलं, १० सेकंदांत ४६ धापा. म्हणजे माझं यंत्र धाप मोजतंय. उंबरठा ०.१५ वर नेला तर धाप गेली, पण त्याची चालही गेली. आता तो चालतोच इतका हळू, पाय जपून टाकत.

दोन प्रश्न आहेत.

धाप गाळून फक्त चाल कशी मोजू? मशीन लर्निंग वगैरे मला झेपणार नाही, सी++ बऱ्यापैकी येतं.

आणि पहिली बॅटरी महिन्याभरात फुगली. मानेवर काही झालं असतं तर, या विचाराने मी आठ दिवस पट्टाच बांधला नाही. उन्हाने झालं की माझं काही चुकलं? चार्जिंगला टीपी४०५६ चं तयार मॉड्यूल आहे.

डॉक्टरांकडे येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी जायचंय.

तांबडी वायर:

आधी बॅटरीचं, कारण ते जिवाशी आहे. त्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा १.२ किलोओहमचा रेझिस्टर येतो, म्हणजे चार्जिंग करंट १ अँपिअर. ४०० एमएएचच्या सेलला ते अडीचपट होतं. तो रेझिस्टर काढून ५.६ किलोओहम लावा, करंट २०० मिलीअँपिअरच्या आसपास येईल. दुसरं, या मॉड्यूलवर तापमानाची पिन सहसा ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे सेल तापला तरी चार्जिंग थांबत नाही. लिपो ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. खान्देशात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावूच नका. पहाटे लावा, आणि पट्टा गळ्यातून काढूनच.

आता धाप. तुमचा घोळ उंबरठ्यात नाही, नमुन्यांच्या वेगात आहे. सेकंदाला १० नमुने घेतले तर ५ हर्ट्झच्या वरचं काहीही खरं दिसत नाही, ते दुमडून खाली येतं. धाप ४.६ हर्ट्झ, म्हणजे अगदी काठावर. शिवाय पाइप गळ्यावर आपटतो त्याची थरथर दुप्पट वेगाची, ९.२ हर्ट्झ. ती तुमच्या आकड्यांत ०.८ हर्ट्झची दिसणार, म्हणजे थेट संथ चाल! सेन्सरमधला, वेगाची थरथर गाळणारा फिल्टर कितीवर आहे? ४४ हर्ट्झवर असेल तर हे सगळं आत येतंय.

५० नमुने घ्या. डीएलपीएफ (त्याच फिल्टरची सेटिंग) ४ म्हणजे २१ हर्ट्झ, सॅम्पल रेट डिव्हायडर १९. फिफो १०२४ बाइटचा, एका नमुन्याला ६ बाइट, म्हणून सलग १५ सेकंद मावणार नाहीत. दर १५ सेकंदांतले ३ सेकंदच घ्या. १५० नमुने, ९०० बाइट. बोर्ड एकदा उठून फिफो रिकामा करेल, ३ सेकंद झोपेल, परत उठून वाचेल.

मग एफएफटीची (वेगवेगळे वेग सुटे करण्याच्या गणिताची) गरजच नाही. त्या ३ सेकंदांची सरासरी वजा करा आणि आलेख शून्याच्या खालून वर किती वेळा जातो ते मोजा. चाल असेल तर साधारण ३ ते ८, धाप असेल तर १२ ते १६. उंबरठा परत ०.०८ वर आणा. मागच्या पायाने खाजवणं वेगात धापेच्या जवळ जाईल, पण झटका मोठा असतो, तो उंचीवरून वेगळा काढा. आणि पाइपखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी लावा, आपटणं थांबेल.

गोठ्यातला:

मी दवाखान्यात ड्रेसरचं काम केलंय, इलेक्ट्रॉनिक्समधलं कळत नाही. पण भाऊ, धाप गाळून टाकू नका. कुत्र्याला घाम फुटून अंग गार होत नाही, दुपारी तो धापणारच. पण दुखणाऱ्या कुत्र्याचीही धाप वाढते, पडल्या जागी. रात्री हवा उतरल्यावर, न पळता धापत असेल तर डॉक्टरांना ते चालीपेक्षा आधी सांगा. शक्य असेल तर हवेचं तापमान बाजूला लिहा.

बोरीकाठ:

दोघांचे मनापासून आभार. फिल्टर ४४ वरच होता. रेझिस्टर बदलला, ट्यूबची पट्टी लावली, नमुने ५० केले. मी जे फेकायला निघालो होतो तेच लिहून ठेवायचं होतं, हे मला सुचलंच नसतं. आता मिनिटाला दोन आकडे ठेवतो, एक चालीचा, एक धापेचा. मोटारीच्या खोलीबाहेर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावलाय हवेसाठी. एमपीयूच्या आतलं तापमान घेऊन पाहिलं, पण ते पाइपच्या आतलं, त्याचा उपयोग नाही.

चार रात्रींचा हिशेब आला. दुपारची धाप तापमानाबरोबर चढते-उतरते. पण तीन रात्री २ ते ३ च्या दरम्यान वीस-पंचवीस मिनिटं धाप आहे, चाल शून्य, हवा २७-२८ अंश. आबांना कागद दाखवला. ते म्हणाले, हो, तेव्हा तो माझ्या पायाशी पडून धापत असतो, मला वाटायचं तहान लागली. पाणी पुढे सरकवायचो, तो तोंड लावायचा नाही.

शनिवारी हाच कागद डॉक्टरांना देतो. गोचीड झालेत म्हणून खाजवणं फार आहे आणि ते अजून धापेत मिसळतंय. सेन्सरची रेंज ±२ जी ठेवलीय, तिथे झटक्याचा शेंडा कापला जातोय असं आलेखात दिसतं. ±४ वर नेलं तर चालीची बारीक हालचाल हरवेल का? तेवढं कुणी सांगा.